चाळीस मिनिटांत आटलेला स्वेटर

थंडी पडली की कपाटाच्या तळातून स्वेटर, पुलओव्हर, शाली बाहेर येतात. आणि पहिल्याच धुण्यात त्यांची वाट लागते! लोकर आणि कॅशमिअर घरच्या घरी धुता येतं का? येतं. फक्त एक साधी गोष्ट डोक्यात पक्की बसायला हवी. ती शिकायला मला पुण्याहून मेहकरला जावं लागलं.

रविवारची सकाळ. पुण्यातला टू-बीएचके फ्लॅट, तीन रूममेट्स आणि एक वॉशिंग मशीन. आठवडाभराच्या जीन्स, टी-शर्ट, टॉवेल सगळं एकदम कोंबलं, पावडर टाकली, चाळीस डिग्रीचं बटण दाबलं आणि चहा करायला गेले. त्या ढिगात बाबांचा करडा स्वेटरही होता, हे मला चाळीस मिनिटांनी मशीन थांबल्यावर कळलं. बाहेर आलं ते प्रकरण पाच वर्षांच्या मुलाला बसेल एवढं, आणि पुठ्ठ्यासारखं कडक!

बाबा मेहकरला शाळेत नोकरीला लागले, त्या हिवाळ्यात आजीने तो विणला होता. दोन सुया, करड्या लोकरीचे गुंडे, आणि गळ्यापाशी तिची खास उलट-सुलट टाक्यांची वीण. सकाळच्या शाळेला बाबा वर्षानुवर्षं तो घालून जायचे. मी नोकरीसाठी पुण्याला निघाले तेव्हा त्यांनीच तो माझ्या बॅगेत टाकला. आजी जाऊन आता आठ वर्षं झाली. म्हणजे 'दुसरा विणून घेऊ' असं म्हणायचीही सोय नाही.

कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्याने स्वेटर हातात घेतला, दाबून पाहिला आणि परत दिला. ''मॅडम, याचं आता काही होत नाही.''

शुक्रवारी रात्रीची ट्रॅव्हल्स पकडली. बॅगेत तो आटलेला स्वेटर, एका मित्राने ऑनसाइटवरून आणलेला कॅशमिअरचा पुलओव्हर आणि श्रीनगरच्या ट्रिपमध्ये घेतलेली पश्मिना. म्हटलं, या दोघांचं तरी असं व्हायला नको.

केस म्हणा, कापूस नव्हे

मेहकर म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातलं, पैनगंगेकाठचं, शारंगधर बालाजीचं गाव. डिसेंबरात पहाटे उतरलात तर दात वाजतात. घरी पोचल्यावर बाबा फिरायला गेल्याची खात्री करून मी स्वेटर आईपुढे ठेवला.

''अव माय! हे काय केलं वं?'' आई म्हणाली. मग थोडं थांबून, ''तू तुझे केस कपड्याच्या पावडरने धुतेस का?''

बस, सगळा फंडा या एका प्रश्नात आहे. सुती कपडा हा झाडाचा, लोकर हा प्राण्याचा केस. आपल्या केसांसारखीच ती केराटिन नावाच्या प्रथिनाची बनलेली असते. तिच्या प्रत्येक तंतूवर माशासारखे बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण हे तिघं एकत्र आले की हे खवले एकमेकांत अडकतात, तंतू जवळ ओढले जातात आणि कपडा आटून घट्ट होतो. याला म्हणतात फेल्टिंग. काश्मिरी नमदा मुद्दाम याच पद्धतीने बनवतात. माझ्या मशीनने बाबांच्या स्वेटरचा चक्क नमदा केला होता!

कपड्याच्या पावडरचे आणखी दोन गुन्हे. एक, ती अल्कलीयुक्त असते आणि अल्कली लोकरीला सोसत नाही. दोन, डाग काढणाऱ्या बऱ्याच पावडरींमध्ये प्रथिनं फोडणारी एन्झाइम्स असतात. त्यांना रक्ताचा डाग आणि तुमचा स्वेटर यातला फरक कळत नाही. क्लोरीनवाल्या ब्लीचचं तर नावच काढू नका, त्यात लोकर अक्षरशः विरघळते.

आणि कॅशमिअर? ते मेंढीचं नाही, बकरीचं. लडाखच्या चांगथांग पठारावर, चार हजार मीटरच्याही वर, चांगथांगी बकऱ्या राहतात. तिथल्या थंडीसाठी त्यांच्या राठ केसांखाली एक मऊ थर येतो, तो म्हणजे पश्म. तंतूची जाडी साधारण १२ ते १५ मायक्रॉन. माणसाचा केस याच्या चार-पाच पट तरी जाड असतो. एका बकरीपासून वर्षाला शे-दीडशे ग्रॅमच्या आसपास पश्म मिळतो, आणि त्यातले राठ केस काढले की आणखी कमी उरतो. म्हणजे तुमच्या एका पुलओव्हरमागे अनेक बकऱ्यांचा अख्खा हिवाळा आहे. काश्मिरी पश्मिनाला २००८ मध्ये जीआय मानांकन मिळालं ते उगाच नाही.

आधी ओळख परेड

बाबा रिटायर्ड मास्तर. त्यामुळे घरात सत्काराच्या शालींचा ढीग. शाल-श्रीफळ या प्रकारातलं श्रीफळ संपतं, शाली साठत जातात. त्यातल्या लोकरीच्या किती? आम्ही दुपारी मोरीत बसून चाचणीच घेतली.

शालीच्या दशांमधला एक धागा काढायचा, चिमट्यात धरून जाळायचा. (शेजारी पाण्याचं भांडं हवंच.) लोकर हळूहळू जळते, ज्योत बाजूला केली की बहुधा आपोआप विझते, केस जळल्याचा वास येतो आणि काळी राख बोटांत चुरडता येते. अॅक्रिलिक वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. कागद जळल्यासारखा वास आला तर ते व्हिस्कोज. पश्मिना म्हणून स्वस्तात विकल्या जाणाऱ्या कितीतरी स्टोल्स या जातीच्या निघतात. रेशमालाही केसांसारखाच वास येतो, तेवढं लक्षात ठेवा. आणि अंगठीतून शाल काढून दाखवणाऱ्या विक्रेत्याला भुलू नका. पातळ रेशीम आणि व्हिस्कोजही अंगठीतून आरामात जातं.

आमच्या ढिगातल्या अकरा शालींपैकी खऱ्या लोकरीच्या निघाल्या दोन. बाबांना हे सांगायचं नाही असं ठरलं.

विदर्भात हिवाळी स्वेटर म्हटलं की तिबेटी लोकांची दुकानं आठवतात. गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगड-गोठणगाव भागात १९७२ पासून नॉर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. हिवाळ्यात शहराशहरांत स्वेटर विकणं हा अनेक तिबेटी कुटुंबांचा वर्षाचा मोठा धंदा. त्यातला पुष्कळ माल लुधियानाचा असतो, आणि त्यात अॅक्रिलिकही भरपूर. त्यात वाईट काही नाही. अॅक्रिलिक बिनधास्त मशीनमध्ये टाका, फक्त इस्त्री जपून. जपायचं ते लोकरीला. म्हणूनच आधी लेबल वाचा. टबात हाताचं चित्र असेल तर हाताने धुवा, टबावर फुली असेल तर पाण्यात घालू नका, नुसता गोल असेल तर ड्रायक्लीन.

आईचा टब, स्टेप बाय स्टेप

शनिवारी सकाळी आईने पुलओव्हर धुवून दाखवला. ही तिची पद्धत, जशीच्या तशी.

रंग तपासा. आतल्या शिवणीवर ओला पांढरा रुमाल दाबून धरा. रंग उतरला किंवा भरतकाम असेल तर घरी प्रयोग नको, ड्रायक्लीन करा. माझी पश्मिना इथेच बाद झाली.

पाणी. हाताला ना गार ना गरम. तीस डिग्रीच्या वर नको. धुवायचं आणि विसळायचं पाणी सारखंच हवं. आधी कोमट, मग एकदम गार असं करायचं नाही.

साबण. लोकरीसाठीचं लिक्विड डिटर्जंट, टोपणभर. किंवा रिठा. आठ-दहा रिठ्यांच्या बिया काढून रात्री लिटरभर पाण्यात भिजवा, सकाळी उकळा, गाळा, गार करा. लोकरीला इतका सौम्य साबण दुसरा नाही. मात्र रिठ्याचं पाणी तपकिरी असतं, पांढऱ्या लोकरीला त्याची झाक येऊ शकते. तिथे लिक्विडच बरं. काहीच नसेल तर सौम्य शाम्पू. शेवटी केसच ना!

धुणं. कपडा उलटा करून पाण्यात बुडवा, हलक्या हाताने दाबा, सोडा, दाबा, सोडा. पाच-दहा मिनिटं पुरे. घासायचं नाही, आपटायचं नाही, ब्रश तर नाहीच.

विसळणं. नळाखाली धरू नका. पाणी बदलून दोन-तीनदा बुडवा. आमच्याकडे बोअरचं पाणी जड, साबण लवकर सुटत नाही, म्हणून आई शेवटच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालते. वास सुकल्यावर जातो.

पिळणं. नाही! ओली लोकर एकदम नाजूक असते. कपडा दोन्ही हातांनी खालून उचला, टर्किश टॉवेलवर पसरा, टॉवेलसकट पोळीच्या रोलसारखी गुंडाळी करा आणि वरून दाबा. टॉवेल पाणी ओढून घेतो.

वाळवणं. दोरीवर नाही, हँगरवर नाही. पाण्याच्या वजनाने बाह्या गुडघ्यापर्यंत येतात. आईने सावलीत बाजेवर जुनी चादर घातली, त्यावर पुलओव्हर आडवा ठेवला आणि हाताने मूळ आकार दिला. मेहकरच्या कोरड्या हवेत संध्याकाळपर्यंत वाळला. मुंबईकरांनो, तुम्ही दोन दिवस आणि एक पंखा धरून चाला.

मशीनला 'वूल' प्रोग्रॅम असेल आणि लेबलची परवानगी असेल तर जाळीच्या पिशवीत घालून चालतं. मशीनमध्ये धुता येईल असं लिहिलेल्या लोकरीचे खवले कारखान्यातच बोथट केलेले किंवा झाकलेले असतात. हाताने विणलेल्या स्वेटरला मात्र ही सवलत नाही.

सगळ्यात भारी टिप : धुवूच नका!

म्हणजे, सारखं सारखं धुवू नका. लोकर आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओलावा पोटात घेते तरी ओली वाटत नाही. म्हणून तिला घामाचा वास लवकर लागत नाही. घातल्यावर रात्रभर मोकळ्या हवेत ठेवा, मऊ ब्रश फिरवा, झालं. चार-पाच वेळा घातल्यावर धुवा, किंवा डाग पडला तर तेवढाच भाग टिपून घ्या.

हे शहाणपण आपल्याकडे जुनंच आहे. सोवळ्यातली धाबळी लोकरीची, तिला रोजच्या धुण्याचा जाच नव्हता. धनगराची घोंगडी दख्खनी मेंढीच्या जाड्याभरड्या लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली. पाऊस, थंडी, अंथरूण, पांघरूण, सगळ्याला तीच. तिला झटकायचं, ऊन दाखवायचं. तिला कुणी दर रविवारी बादलीत बुडवत नाही. आपणच प्रत्येक कपड्याला टी-शर्ट समजायला लागलो.

कसर राहू देऊ नका

मराठीत लोकर खाणाऱ्या किड्याला 'कसर' म्हणतात. उडणारा पतंग स्वतः काही खात नाही, भोकं पाडते ती त्याची अळी. तिला घामाचे, जेवणाचे डाग असलेली लोकर विशेष आवडते. म्हणून हिवाळा संपल्यावर कपडे धुवून, खडखडीत वाळवूनच आत ठेवा. हँगरला न लावता, घडी करून, मलमलीच्या किंवा जुन्या सुती कापडात गुंडाळून. कडुनिंबाचा पाला किडे दूर ठेवायला मदत करतो, पण आधीच असलेली अळी मारत नाही. डांबरगोळ्या वापरल्याच तर कपड्याला टेकू देऊ नका आणि लहान मुलांपासून लांब ठेवा. शंका आलीच तर कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये. आइस्क्रीमशेजारी पुलओव्हर बघून रूममेट्स हसतील, हसू द्या.

आणि तो स्वेटर?

आईने शेवटचा उपाय केला. कोमट पाण्यात केसांचं कंडिशनर कालवून स्वेटर अर्धा तास भिजवला. मग टॉवेलवर पसरून आम्ही दोघी दोन बाजूंनी हळूहळू ताणत बसलो. थोडा आटलेला कपडा यातून बराच परत येतो. पूर्ण फेल्ट झालेला येत नाही. आमच्या हाती बाह्यांची दोन बोटं लागली. बस, तेवढीच.

तेवढ्यात बाबा आले. लपवायला जागाच नव्हती. मी सांगून टाकलं. त्यांनी स्वेटर उचलला, खिडकीपाशी नेला आणि गळ्याजवळ बोट फिरवलं.

''आईची वीण दिसते अजून,'' म्हणाले.

एवढंच. संध्याकाळी तो स्वेटर दादाच्या पाच वर्षांच्या मुलाच्या अंगात होता आणि तो अंगणात फिरत होता. एकदम परफेक्ट फिटिंग!

रविवारी निघताना बाबांनी ट्रंकेतून मलमलीत गुंडाळलेला एक हाफ स्वेटर काढला. मरून, आजीच्याच हातचा, शेवटचा उरलेला. माझ्या हातात देत म्हणाले, ''ने. पण धुवायचा असला की मेहकरला यायचं.''

हा लेख लिहिताना तोच अंगात आहे. आज चौथी वेळ. पुढच्या शुक्रवारचं ट्रॅव्हल्सचं तिकीट काढलंय.