चांगली मेल अडली, तर कळणार कुणाला?

विभागाचा स्वतःचा मेल सर्व्हर असेल, तर तो सांभाळायचं काम कधी ना कधी एखाद्या पीएचडीवाल्याच्या गळ्यात पडतं. तुमच्या गळ्यात पडलं, तर "कुठलं सॉफ्टवेअर टाकू?" याच्या आधी एक प्रश्न विचारा: फिल्टर चुकला, तर ते कुणाला कळेल?

माझ्या एका मैत्रिणीच्या पेपरवरचे शेरे जर्नलकडून आले आणि फिल्टरने गुपचूप पुसून टाकले. संपादकाला वाटलं, पोचले. हिला वाटलं, अजून यायचेत. दुरुस्तीची मुदत टळून गेली.

असं का होतं बघा. मेल येते तेव्हा दोन सर्व्हर एकमेकांशी बोलत असतात. ते बोलणं चालू असतानाच तुम्ही ५५० सारखा कोड देऊन नकार दिलात, तर पलीकडचा सर्व्हर पाठवणाऱ्याला कळवतो. पण एकदा २५० म्हणून मेल घेतली की ती तुमची जबाबदारी. मग पुसली तर कुणालाच पत्ता नाही. आणि नंतर "परत पाठवली" असं कळवावं, तर स्पॅममधला पत्ता बहुधा खोटा. तुमचं उत्तर भलत्याच माणसाच्या डोक्यावर.

म्हणून मी पोस्टफिक्स आणि त्याला मिल्टरने जोडलेलं आरस्पॅमडी निवडेन. स्पॅमअसॅसिन वाईट नाही, पण बऱ्याच ठिकाणी ते मेल घेतल्यानंतर चालवतात, तिथेच घोळ होतो. आरस्पॅमडीचे मूळ आकडे सुरुवातीला तसेच ठेवा: ४ गुणांना ग्रेलिस्टिंग, म्हणजे "थोड्या वेळाने या", ६ ला फक्त खूण, १५ ला नकार. खऱ्या सर्व्हरला परत यायचा कंटाळा नसतो, स्पॅमवाल्यांच्या बऱ्याच स्क्रिप्टना असतो. (ओटीपी मात्र कधीकधी उशिरा येईल, शिव्या खायची तयारी ठेवा.)

एक खड्डा नक्की टाळा. पोस्टफिक्समध्ये स्पॅमहाउसची यादी लावलीत आणि डीएनएस गूगलचा ८.८.८.८ ठेवलात, तर स्पॅमहाउस यादीतलं उत्तर न देता १२७.२५५.२५५.२५४ हा चुकीचा इशारा देतं. पोस्टफिक्सला वेगळं सांगितलं नसेल, तर कुठलंही उत्तर म्हणजे "यादीत आहे" असं ते धरतं, आणि सगळीच मेल बंद! सर्व्हरवर स्वतःचा रिझॉल्व्हर चालवा, आणि फक्त १२७.०.०.२ ते ११ एवढीच उत्तरं मानायला सांगा.

बेझियन फिल्टरला निदान २०० स्पॅम आणि २०० चांगल्या मेल शिकवाव्या लागतात. चांगल्यांमध्ये परिषदांची खरी आमंत्रणं आवर्जून घाला. बनावट जर्नलांची भाषाही अगदी तशीच असते.