समजून घ्या : पीएस-५ मिळत नव्हता, तरी त्याची छापील किंमत का चढली नाही?

सोलापूर बाजार समितीत कांद्याची आवक घटली की लिलावात लगेच भाव चढतो. करमाळा तालुक्यातील केमच्या शेतकऱ्याला हे गणित कुणी शिकवावे लागत नाही. व्हिडिओ गेम कन्सोलच्या बाजारात मात्र टंचाई आली की भावाऐवजी रांग वाढते.

नेमके काय घडले?
सोनीचा 'प्लेस्टेशन ५' परदेशात नोव्हेंबर २०२० मध्ये, तर भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आला. किंमत होती ४९,९९० रुपये. १२ जानेवारीला आगाऊ नोंदणी सुरू झाली आणि काही मिनिटांतच साठा संपला.

उत्पादन का वाढले नाही?
केम कुंकवासाठी प्रसिद्ध आहे. सणासुदीला मागणी वाढणार असेल, तर आधीच जास्त हळद भरून कुंकू जास्त बनवता येते. चिपचे तसे नाही. चिपचा नवा कारखाना उभा राहायला काही वर्षे लागतात. त्यात कोरोनाकाळात लॅपटॉप, फोन, मोटारी अशा सगळ्यांनाच चिप हवी होती. सोनीने २०२१-२२ साठी १ कोटी ४८ लाख कन्सोलचे उद्दिष्ट ठेवले होते. विकले गेले १ कोटी १५ लाख.

मग किंमत का वाढवली नाही?
कंपनीची खरी कमाई पुढे गेम आणि सबस्क्रिप्शनमधून होते. त्यामुळे कन्सोल जास्तीत जास्त घरांत पोहोचणे तिच्या फायद्याचे असते. शिवाय भारतात दुकानदाराला छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत. मागणी आणि पुरवठ्यातील ही दरी हेरून काहींनी कन्सोल आधी विकत घेतले आणि चढ्या दराने विकले.

टंचाई कधी सरली?
२०२२-२३ मध्ये विक्री १ कोटी ९० लाखांवर गेली. मधल्या काळात, नोव्हेंबर २०२२ मध्ये, भारतातील किंमत ५४,९९० रुपये झाली होती. महागाई आणि चलनाच्या दरामुळे सोनीने त्याआधीच अनेक देशांत किंमत वाढवली होती. पुरवठा सुरळीत झाल्यावर जुलै २०२३ मध्ये ७,५०० रुपयांची सवलत मिळाली आणि कन्सोल ४७,४९० रुपयांना आला. म्हणजे पहिल्या दिवसाच्या किमतीपेक्षाही स्वस्त!

ग्राहकाने काय करावे?
कांद्याशिवाय फोडणी अडते, कन्सोलशिवाय काही अडत नाही. नवे मॉडेल आल्यावर कुणी छापील किमतीपेक्षा जास्त मागत असेल, तर थांबावे. घेताना पक्के बिल घ्यावे. वॉरंटीसाठी तेच कामाला येते.