महापौर आणि पोलीसप्रमुख

नगराचा कारभार लोकनियुक्त महापौरानें पाहावा व नगराची शांतता पोलीसप्रमुखानें राखावी, ही वांटणी वरवर पाहतां सोपी दिसते. परंतु पोलीसप्रमुखानें महापौराचें कितपत ऐकावें, हा प्रश्न बिकट आहे. मुंबईंत तो सहसा उद्भवत नाहीं. कारण तेथील पोलीस आयुक्ताची नेमणूक राज्यसरकार करतें. अमेरिकेंत मात्र पोलीसदल बहुधा नगराचेंच असतें. म्हणून तेथील लॉस एंजिलिस शहराचा वृत्तांत आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

या शहरांत पूर्वी पोलीसप्रमुखाच्या नोकरीस कायद्याचें असें दृढ संरक्षण होतें, कीं महापौरास त्याला दूर करतां येत नसे. निवडणुकीच्या वाऱ्याबरोबर पोलिसांनीं डोलूं नये, हा त्यांतील हेतु. तो स्तुत्य होता. परंतु औषधाची मात्रा अधिक झाली, हें पुढें अनुभवास आलें.

३ मार्च १९९१ रोजीं रॉडनी किंग या कृष्णवर्णीय नागरिकास पोलिसांनीं निर्दयपणें मारहाण केली. जवळच्या एका रहिवाशानें तिचें चित्रीकरण केल्यामुळें ती जगभर दिसली. महापौर टॉम ब्रॅडली हे स्वतः त्याच दलांत वीस वर्षांहून अधिक काळ नोकरी केलेले गृहस्थ. त्यांनीं पोलीसप्रमुख डॅरिल गेट्स यांस पदत्याग करण्यास सांगितलें. गेट्स यांनीं तें मानलें नाहीं. पुढें वर्षाहून अधिक काळ दोघांत बोलणेंच उरलें नाहीं. २९ एप्रिल १९९२ रोजीं आरोपी पोलीस बहुतेक आरोपांतून सुटले आणि शहरांत दंगल उसळली. त्या सायंकाळीं गेट्स हे प्रमुखाचें संरक्षण कमी करणाऱ्या प्रस्तावाविरुद्ध निधि जमविण्याच्या सभेस गेले होते. दंगलींत पन्नासांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. तिचीं कारणें अनेक व खोल होतीं; तथापि ज्या दोघांनीं एकत्र बसून उपाय योजावयाचा, त्यांच्यांतच अबोला असल्यावर नगरानें कोणाकडे पाहावें?

जून १९९२ मध्यें मतदारांनीं नियम बदलला. महापौरानें नगरसभेच्या संमतीनें प्रमुख नेमावा, त्याची मुदत पांच वर्षें असावी व ती एकदांच वाढवितां यावी, असें ठरलें.

आमच्या मतें यांतील मर्म असें: पोलिसांचें धोरण, खर्च व नागरिकांच्या तक्रारी यांविषयीं प्रमुखानें लोकप्रतिनिधींस जाब द्यावा, परंतु कोणास धरावें व कोणास सोडावें, हें कोणाही लोकप्रतिनिधीनें त्यास सांगूं नये. पहिली गोष्ट सुटली तर पोलीस निरंकुश होतात. दुसरी सुटली तर ते सत्ताधाऱ्याचे हस्तक बनतात. दोन्हींत हानि होते ती सामान्य नागरिकाचीच.