एकाचे काम अनेकांकडे सोपविताना

1922 साली लुइस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने हवामानाच्या गणितावरील आपल्या ग्रंथात एक विशाल सभागृह कल्पिले. तेथे 64,000 माणसे आकडेमोड करीत बसली आहेत. प्रत्येकाकडे पृथ्वीचा लहानसा भाग आहे. प्रत्येक जण आपले उत्तर शेजाऱ्यास कळवितो. आणि मधोमध उंचावर बसलेला प्रमुख सर्वांची गती सारखी राखतो. समांतर संगणकाचे याहून चांगले चित्र सापडणे कठीण. पुण्यात 1991 साली सिद्ध झालेला ‘परम 8000’ याच जातीचा.

पण श्रोतेहो, यंत्र आले म्हणजे काम झाले, असे नव्हे. शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे फोर्ट्रान भाषेत लिहिलेल्या कित्येक आज्ञावली एकाच गणकाला उद्देशून आहेत: हे झाले की ते कर. अशी आज्ञावली जशीच्या तशी चालविली, तर एक राबतो आणि बाकीचे बघत बसतात.

म्हणून प्रथम वेळ कोठे जातो ते पाहावयाचे, मग काम वाटावयाचे. शेतांची वाटणी केली तरी बांध सामाईक राहतो. तसे प्रत्येक गणकाला शेजाऱ्याच्या कडेचे आकडे मागून घ्यावे लागतात. तुकडे फार लहान केले, तर कामापेक्षा बोलणेच अधिक! शिवाय काही भाग वाटता येतच नाही. 100 तासांपैकी असे 10 तास असतील, तर उरलेले 90 तास 90 गणकांत वाटूनही 11 तास लागणारच. ही मर्यादा जीन अ‍ॅमडाल यांनी 1967 साली दाखविली.

खरी कसोटी याहून पुढची आहे. समजा, यंत्र तीनच अंक ठेवते. 100 मध्ये 0.4 मिळविले, तर 100 च राहतात; पुन्हा 0.4 मिळविले तरी 100 च. पण दोन्ही 0.4 आधी एकत्र केले, तर 0.8 होतात, आणि बेरीज 101 येते. वाटणीने बेरजेचा क्रम बदलतो, म्हणून उत्तरही किंचित बदलते. हवामानात असा किंचित फरक पुढे वाढत जातो. मग हा फरक क्रमाचा, की आपल्या चुकीचा?

म्हणून जाणता मनुष्य जुनी आज्ञावली टाकून देत नाही. एका वेळी एकच बदल करतो. एका, दोन, चार गणकांवर तेच उदाहरण चालवितो आणि प्रत्येक वेळी जुन्या उत्तराशी ताडून पाहतो. ज्या अंदाजावर कोळी होडी समुद्रात घालतो, तो लवकर मिळाला पाहिजे हे खरे. पण त्याआधी तो विश्वासार्ह असला पाहिजे.