एक गाणं, एक शब्द, एक वाटी

आजचा विषय तुम्हीच सुचवलेला आहे. निरोपांमध्ये दोन प्रश्न सारखे येतात. पहिला, "सध्या नवीन मराठी काय ऐकताय?" आणि दुसरा, "गोड करायचंय, पण घरात शुगर आहे, काय करू?" वरवर पाहता या दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. पण सिंगापुरातल्या मराठी घरात ते एकाच टेबलावर येतात, म्हणून आज एकत्रच घेऊ.

आधी गाण्याबद्दल.

इथल्या शाळांत मातृभाषा म्हणून मंदारिन, मलय आणि तमिळ शिकवतात. तमिळ नसलेल्या भारतीय मुलांना हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी किंवा उर्दू घेता येते. या यादीत मराठी नाही. त्यामुळे आपली बहुतेक मुलं हिंदी घेतात, आणि मराठीचा ना पेपर असतो, ना गृहपाठ, ना मार्क. मराठी उरते ती घरात, आजीच्या व्हिडिओ कॉलवर आणि मंडळाच्या कार्यक्रमांत. दहा-बारा वर्षांच्या मुलाला "मराठीत बोल" म्हटलं की त्याला तो हुकूम वाटतो. "हे गाणं ऐक" म्हटलं की वाटत नाही. गाणं मात्र आपल्या लहानपणचं नको, त्याच्या काळातलं हवं. आपल्याला आवडणारी भावगीतं त्याला पुढे आवडतीलही, पण दार उघडायला आजचंच गाणं लागतं.

म्हणून एक सोपी रीत सांगते. महिन्यातून एकदा दोन-तीन घरांनी एकत्र जमायचं. प्रत्येक घराने सध्या आवडणारं एक गाणं आणायचं, आणि त्या गाण्यातला एक शब्द सगळ्यांना समजावून सांगायचा. शब्द मुलांनी सांगायचा, मोठ्यांनी फक्त मदत करायची. चार गाणी सांगते, सुरुवातीला एवढी पुरेत.

पहिलं, संजू राठोडचं "गुलाबी साडी". जळगाव जिल्ह्यातला हा मुलगा. 2024 मध्ये हे गाणं आलं आणि मराठी न कळणारेही त्यावर नाचले. तुमच्या मुलांच्या वर्गातल्या मित्रांनीही ते रील्सवर ऐकलेलं असण्याची शक्यता आहे. शब्द कुठला घ्याल? साडी तर सगळ्यांना माहीत आहे. त्याच गायकाच्या दुसऱ्या गाण्याचं नाव घ्या, "नऊवारी". वार म्हणजे यार्ड, म्हणजे 36 इंच. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. मुलांना मोजपट्टी देऊन हॉलमध्ये मोजायला लावा. बऱ्याच एचडीबी घरांचा हॉल त्याला पुरत नाही!

दुसरं, क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर यांचं "तांबडी चामडी", हेही 2024 चं. हे हाउस संगीत आहे. हाउस म्हणजे मिनिटाला साधारण 120 ते 130 ठोके, आणि प्रत्येक मात्रेवर ड्रमचा सारखा ठोका. स्पिनिन रेकॉर्ड्स या डान्स संगीताच्या मोठ्या डच कंपनीने ते काढलं. क्लबमधल्या तालावर अस्सल मराठी शब्द कसे बसतात ते मुलांना ऐकू द्या. शब्द अर्थातच "तांबडं". लाल आणि तांबडं यांत फरक काय? तांब्याचा रंग, तांबडी माती, तांबडा रस्सा, तांबडं फुटणं. एका शब्दातून पंधरा मिनिटं सहज निघतात.

तिसरं, "बहरला हा मधुमास". अजय-अतुल यांचं संगीत, 2023 चा "महाराष्ट्र शाहीर" हा चित्रपट. शाहीर साबळे यांच्या आयुष्यावरचा हा चित्रपट त्यांचे नातू केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केला. ज्यांच्या आवाजातलं "जय जय महाराष्ट्र माझा" आपण सगळ्यांनी ऐकलंय तेच हे शाहीर, आणि त्याच वर्षी ते गीत महाराष्ट्राचं राज्यगीत झालं. शब्द घ्या "मधुमास", म्हणजे चैत्र, वसंताचा महिना. इथे बाराही महिने एकच हवा. ऋतू बदलतात म्हणजे नेमकं काय होतं, हे इथे वाढलेल्या मुलाला आपणच सांगायला हवं.

चौथं आजी-आजोबांसाठी, आणि त्यांच्यामार्फत मुलांसाठी. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं "संगीत मानापमान" हे नाटक 1911 चं, त्याचं संगीत गोविंदराव टेंबे यांचं. त्यावर जानेवारी 2025 मध्ये सुबोध भावे यांचा चित्रपट आला, संगीत शंकर-एहसान-लॉय यांचं. आजोबांना नाटकातली पदं पाठ असतील, नातवाला चित्रपटातली गाणी ऐकवा. दोघांना दोन्ही ऐकवा आणि विचारा, "कुठलं जास्त आवडलं?" वाद झाला तर उत्तमच. वाद मराठीत व्हावा एवढीच अट ठेवा.

एक सूचना. एचडीबीत रात्री शांतता पाळायची असते. कार्यक्रम संध्याकाळीच ठेवा. शेजाऱ्यांना एक वाटी नेऊन दिलीत तर उत्तम.

आता वाटीकडे वळू.

मे-जूनमध्ये भारतातून आई-बाबा येतात, दोन-तीन महिने राहतात. त्यांच्यापैकी एकाला तरी मधुमेह असतो. सिंगापुरात भारतीय वंशाच्या लोकांमध्ये मधुमेहाचं प्रमाण चिनी वंशाच्या लोकांपेक्षा जास्त आहे, म्हणजे हा प्रश्न फक्त पाहुण्यांचा नाही, आपलाही आहे. सणाच्या दिवशी सगळ्यांसमोर श्रीखंड येतं आणि एका माणसासमोर रिकामी वाटी राहते. तो माणूस काही बोलत नाही, पण ते सगळ्यांना दिसतं. टेबलावर सगळ्यांना खाता येईल असं एक गोड असावं, एवढाच आजचा मुद्दा.

थोडा हिशेब समजून घेऊ. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितलं की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत असावी, आणि 5 टक्क्यांच्या आत असेल तर अधिक चांगलं. मोठ्या माणसासाठी 5 टक्के म्हणजे साधारण 25 ग्रॅम, सहा लहान चमचे. मध, काकवी आणि फळांचा रस यांतली साखरही याच हिशेबात धरतात. गूळही त्यातलाच. गुळात थोडी खनिजं असतात हे खरं, पण तो मुख्यतः साखरच आहे. "गुळाचं आहे, चालतं" हे मधुमेह असलेल्या माणसाला सांगू नका.

आता घरचं श्रीखंड पाहा. चक्क्याइतकीच किंवा थोडी कमी साखर आपण घालतो. म्हणजे 100 ग्रॅमच्या वाटीत 40 ते 50 ग्रॅम साखर. दिवसाचा कोटा एका वाटीत दुप्पट होतो.

पेयांचंही तसंच. इथे पाकिटातल्या पेयांवर डिसेंबर 2022 पासून न्यूट्री-ग्रेडची खूण आहे, आणि वर्षभराने ती ताज्या बनवलेल्या पेयांनाही लागू झाली. ए, बी, सी, डी अशा श्रेणी. 100 मिलिलिटरमध्ये 10 ग्रॅमपेक्षा जास्त साखर असेल तर डी. म्हणजे डी श्रेणीच्या 330 मिलिलिटरच्या एका कॅनमध्ये 33 ग्रॅमहून जास्त साखर. जेवणात गोड असेल त्या दिवशी पेय ए किंवा बी घ्या. कॉफीशॉपमध्ये चहा मागताना "सिउ दाई" म्हटलं की साखर कमी, "कोसोंग" म्हटलं की अजिबात नाही. हे दोन शब्द आई-बाबांना पहिल्याच दिवशी शिकवा.

आता तीन पदार्थ. तिन्ही सोपे, आणि सगळं सामान टेक्का मार्केटमध्ये, मुस्तफामध्ये किंवा घराजवळच्या सुपरमार्केटमध्ये मिळतं.

पहिला, आंब्याचा चक्का. बिनसाखरेचं ग्रीक योगर्ट 500 ग्रॅम, स्वच्छ पंच्यात बांधून चाळणीत ठेवा आणि फ्रिजमध्ये तीन-चार तास निथळू द्या. बाहेर टांगू नका, इथल्या उकाड्यात आंबट होतं. त्यात एका पिकलेल्या आंब्याचा साधारण 200 ग्रॅम गर, वेलची आणि चिमूटभर केशर घालून घोटा. साखर नाही. एप्रिल-मे मध्ये सेरंगून रोडवर हापूस मिळतो, एरवी थायलंडचा "नाम डोक माई" चालतो, तोही गोड असतो. डब्यातला आमरस घेणार असाल तर लेबल वाचा, बहुतेक डब्यांत साखर घातलेली असते. याच्या पाच वाट्या होतात. एका वाटीत आंब्याची जेमतेम सहा ग्रॅम साखर, आणि दह्यातली थोडी. श्रीखंडाच्या पन्नासशी तुलना करा.

दुसरा, मूगडाळीची खीर, गुला मलाकाची. गुला मलाका म्हणजे काय? माडाची नीरा आटवून केलेला गूळ. गोव्यात आणि तळकोकणात ज्याला माडाचा गूळ म्हणतात तोच. वेलची ऐवजी इथे पांदानचं पान. मलय लोक हिरव्या मुगाची, नारळाच्या दुधातली खीर करतात, तिला "बुबुर काचांग हिजाउ" म्हणतात. चिनी स्टॉलवर मूगडाळीचं "ताउ सुआन" मिळतं. आपली खीर या दोघांच्या नात्यातलीच. "ओंदे-ओंदे" खाल्लंय ना? पिठाच्या गोळ्यात गूळ, वरून खोबरं. उकडीच्या मोदकाचं मावसभावंडच ते!

कृती अशी. 100 ग्रॅम मूगडाळ कोरडी भाजा, 600 मिलिलिटर पाणी आणि पांदानच्या पानाची गाठ घालून मऊ शिजवा. 60 ग्रॅम गुला मलाका किसून घाला, चिमूटभर मीठ घाला. गॅस बारीक करून 200 मिलिलिटर नारळाचं दूध ओता आणि खळखळून उकळू न देता उतरवा, नाहीतर दूध फुटतं. सहा वाट्या होतात, प्रत्येकीत 10 ग्रॅम गूळ, म्हणजे दोन चमचे साखरेइतका. एरवी आपण डाळीइतका किंवा त्याहून जास्त गूळ घालतो. मीठ आणि पांदान असल्यामुळे कमी गोडही पुरतं. गुला मलाका घेताना लेबल पाहा, काहींत उसाची साखर मिसळलेली असते.

तिसरा, शहाळ्याच्या वड्या. जिलेटिन नको, अगर-अगर घ्या. आपल्याकडे त्याला चायना ग्रास म्हणतात, समुद्री शेवाळापासून होतं, म्हणजे पूर्ण शाकाहारी. 500 मिलिलिटर शहाळ्याच्या पाण्यात दीड लहान चमचा अगर-अगर पावडर ढवळून दोन मिनिटं उकळा, ताटात ओता, वर कोवळ्या खोबऱ्याचे तुकडे आणि डाळिंबाचे दाणे पसरा. साखर नाही. हे बाहेरच गार होता होता घट्ट बसतं आणि इथल्या उन्हातही वितळत नाही, कारण वितळायला 85 अंशांच्या आसपास उष्णता लागते. डब्यात भरून खुशाल एमआरटीने न्या. फक्त गाडीत डबा उघडू नका, खायला बंदी आहे.

आणि खजुराचे लाडू? ते करा, पण "शुगर-फ्री" म्हणून वाढू नका. खजुरात वजनाच्या जवळपास दोन तृतीयांश साखरच असते. 200 ग्रॅम बिनबियांचा खजूर, 100 ग्रॅम अक्रोड आणि दोन चमचे भाजलेले तीळ यांचे 16 छोटे लाडू केले, तर एका लाडवात आठ-नऊ ग्रॅम साखर येते. तंतू आणि सुका मेवा आहे म्हणून तो पेढ्यापेक्षा बरा, पण एकच. शेजारच्या मुलांना देण्याआधी सुक्या मेव्याची अ‍ॅलर्जी नाही ना, तेही विचारून घ्या.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आम्ही दिलेले ग्रॅमचे आकडे त्यासाठीच आहेत. "थोडंसं घेतलं" यापेक्षा "एक वाटी, 10 ग्रॅम गूळ" हे डॉक्टरांना जास्त उपयोगी पडतं.

तर मंडळी, या महिन्यात एवढं करून बघा. एक गाणं, एक शब्द, एक वाटी. पुढच्या भागासाठी आम्हाला या तिन्ही गोष्टी कळवा. गाण्याचं नाव आणि वर्ष, मुलांनी निवडलेला शब्द, आणि पदार्थाचं माप ग्रॅममध्ये. "अंदाजे" लिहू नका, ते फक्त तुमच्या आईला जमतं! आणि शक्य असेल तर निरोप मुलांच्याच आवाजात पाठवा. उच्चार चुकले तरी चालतील, आम्ही ते तसेच लावू.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, आणि वाटी सगळ्यांसमोर ठेवा.