साभार परत

लोणावळ्यात जुलैचा पाऊस थांबत नाही, मधूनमधून फक्त दम खातो. गेल्या रविवारी सकाळी तो असाच दम खात असताना शेजारच्या बंगल्यातला तरुण छत्री मिटत आमच्या फाटकाशी आला. मुलगा गुणी आहे. हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत नोकरी करतो, शनिवार-रविवार इथे येतो. काखेत स्पायरल बांधणीचं जाडजूड बाड होतं. म्हणाला, "काका, कादंबरी पूर्ण झाली. आता मराठीत चांगले लिटररी एजंट कोण आहेत, तेवढं सांगा."

मला हसू आलं. आमच्या मावळात एजंटांना तोटा नाही. जमिनीचे एजंट तर कामशेतपासून पवनानगरपर्यंत चहाच्या टपरीगणिक एक सापडेल. विम्याचे आहेत, पोस्टातल्या आवर्ती ठेवीचे आहेत, आरटीओचे आहेत. पुस्तकाचा एजंट मात्र मी इतक्या वर्षांच्या लेखनात एकदाही पाहिलेला नाही.

इंग्रजी मुलखात हा धंदा जुना आहे. लंडनमध्ये १८७५च्या सुमारास ए. पी. वॉट नावाच्या गृहस्थांनी तो सुरू केला असं मानतात. किपलिंग आणि कॉनन डॉयल हे त्यांचे अशील. वॉट दहा टक्के घेत. आता देशातल्या विक्रीवर पंधरा आणि परदेशातल्या हक्कांवर वीस टक्के, असा साधारण दर आहे. लेखकाने एजंटाला एक पत्र, पानभर कथासार आणि पहिली तीन प्रकरणं पाठवायची. एजंटाला ती रुचली, तर तो पुढचं सगळं बघतो: प्रकाशक गाठतो, करार वाचतो, पैसे वसूल करतो. पुस्तक विकलं गेलं तरच त्याला पैसे. वाचण्याची फी आधी मागणारा एजंट खरा नव्हे, हे तिकडे नवख्या लेखकालाही ठाऊक असतं. कर्जतला घाट चढण्यासाठी गाडीच्या मागे जी इंजिनं जोडतात, त्यांना रेल्वेच्या भाषेत 'बँकर' म्हणतात. मागून रेटायचं आणि लोणावळ्याला सुटून जायचं. एजंट म्हणजे तसाच एक बँकर, असं मी त्या मुलाला सांगितलं. आयुष्य बँकेत गेल्यामुळे मला ही उपमा सुचली असावी.

भारतातही आता अशा संस्था आहेत, जयपूरची 'सियाही' २००७पासून आहे. पण त्यांचा भर मुख्यतः इंग्रजीवर. मराठीत हे का जमत नाही, याचा हिशेब सोपा आहे. समजा हजार प्रतींची आवृत्ती, किंमत तीनशे रुपये. सगळ्या खपल्या तर तीन लाख. लेखकाला दहा टक्क्यांनी तीस हजार मिळणार, तेही दोन-तीन वर्षांत. त्यावर एजंटाचे पंधरा टक्के म्हणजे साडेचार हजार. एवढ्यासाठी कोण खेटे घालील?

मग आपल्याकडे हे काम केलं कुणी? प्रकाशकांनी आणि संपादकांनीच. ह. वि. मोट्यांनी १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' काढलं. लेखिकेचं नाव होतं विभावरी शिरूरकर. गदारोळ उठला, तर्ककुतर्क झाले, पण त्या टोपणनावामागच्या बाई कोण हे मोट्यांनी फोडलं नाही. एजंटाने अशिलाला याहून अधिक काय जपायचं? रा. ज. देशमुखांनी १९६३ साली पंचविशीतल्या भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' छापली. रूढ कादंबरीच्या कुठल्याच साच्यात ती बसत नव्हती. 'ग्रंथाली'ने १९७८ साली दया पवारांचं 'बलुतं' काढलं. आणि गिरगावात खटाववाडीत 'मौज' आणि 'सत्यकथा' चालवणारे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन होते. शब्दाशब्दावर लेखकाशी पत्रव्यवहार करणारी ही माणसं. त्यांच्या चोखंदळपणावर रागावलेल्या तरुणांनी १९६९ साली 'सत्यकथे'ची होळी केली, हेही विसरता येत नाही. निवडणारा आला की वगळलेलेही आलेच. 'सत्यकथा' १९८२ साली बंद पडली. 'साभार परत' हे दोन शब्द मात्र आमच्या पिढीच्या कानांत अजून आहेत.

मुलगा म्हणाला, "पण काका, हे लोक बाडात नेमकं बघतात काय?"

याचं उत्तर मला बँकेने दिलं. नोकरीच्या सुरुवातीला मी मावळातल्या एका शाखेत कर्जाचे अर्ज बघत असे. म्हशींसाठी कर्ज मागायला माणूस यायचा. सातबारा, आठ अ, जामीनदार, सगळे कागद चोख. कारण ते दुसऱ्या कुणीतरी भरून दिलेले असत. आमचे मॅनेजर कागद बाजूला सारून विचारत, "म्हैस दिवसाला पेंड किती खाते हो?" ज्याच्या दारात म्हैस असे तो ताबडतोब सांगे, वर पेंडीच्या भावाबद्दल दोन शिव्या हासडी. ज्याच्या दारात नसे तो बरोबर आलेल्या माणसाकडे बघे. हस्तलिखितातही तीच पेंड शोधायची असते. लिहिणाऱ्याच्या दारात म्हैस आहे की नाही? भाषा सुधारता येते, प्रकरणं मागेपुढे करता येतात. म्हैस बाहेरून आणता येत नाही. तळेगावात राहिलेल्या गो. नी. दांडेकरांनी 'पवनाकाठचा धोंडी' आणि 'माचीवरला बुधा' लिहिल्या, त्या हा मुलूख पायांनी तुडवून. राजमाचीची वाट त्यांच्या वाक्यांत चढते, ती त्यामुळे.

हे मला बँकेत कळत होतं, स्वतःच्या लेखनात कळत नव्हतं. माझी पहिली कादंबरी मी १९८७ साली एका प्रकाशकाकडे पाठवली. नायक चित्रकार होण्याची स्वप्नं बघणारा, खिन्न, पावसात भिजणारा. बाड साभार परत आलं, पण सोबत तिथल्या संपादकांचं तीन पानी पत्र होतं. त्यातलं एक वाक्य जन्मभर पुरलं. तुमचा नायक बँकेत नोकरी करतो असं तुम्ही पहिल्या पानावर सांगता. मग पुढच्या दोनशे चाळीस पानांत तो एकदाही बँकेत का जात नाही, असं त्यांनी विचारलं होतं. आठ दिवस मी घुश्शात होतो. मग पत्र पुन्हा वाचलं, बाड माळ्यावर टाकलं आणि एका संध्याकाळी रोकड जुळत नाही म्हणून अडकून पडलेल्या शाखेची गोष्ट लिहायला घेतली. तीच माझी पहिली छापील कादंबरी.

पुढे एका प्रकाशकाने मला हस्तलिखितं वाचायचं काम दिलं. महिन्याला दोन बाडं, प्रत्येकी शंभर रुपये मानधन. पुणे-लोणावळा लोकलमध्ये मी ती वाचत असे. थोड्याच दिवसांत हात सराईत झाला. पहाटेच्या किलबिलाटाने सुरू होणारं पहिलं प्रकरण, माझ्या सर्व मित्रांना फार आवडली असं सांगणारं पत्र, कादंबरीआधीच तयार झालेलं मुखपृष्ठ. असं काही दिसलं की तळेगाव यायच्या आत निकाल लागे. खरं सांगायचं तर मी पहिलं पान वाचायचो, मग चाळिसावं, मग शेवटचं. सगळे असंच वाचतात, अशी मनाची समजूत घातली होती.

१९९६ साली एक बाड आलं. फुलस्केप, निळी शाई, कागदाच्या एकाच बाजूला लिहिलेलं, सहाशेवर पानं. उंबरखिंडीच्या लढाईवरची कादंबरी. फेब्रुवारी १६६१मध्ये कारतलबखानाची फौज इथल्याच कुरवंड्याच्या घाटाने खाली उतरली आणि शिवाजीमहाराजांनी तिला जंगलात कोंडलं, हे वाचकांना माहीत असेलच. विषय उत्तम, पण कादंबरी तलवारींच्या खणखणाटाने आणि लांबलचक भाषणांनी भरलेली. शंभर वेळा वाचलेली. मधेच एक चौदा पानांचं प्रकरण होतं. नायक मावळा रात्री घाटात गस्त घालतोय. मुसळधार पाऊस. तो दरडीकडे बघत नाही, ऐकतो. वरून येणारा ओहोळ आधी गढूळ होतो आणि मग एकाएकी आटतो, तेव्हा वर काहीतरी सरकलंय, हे त्याला कळतं. अर्ध्या वाटेत पलीकडून दुसरा गस्तवाला येतो. दोघं एका घोंगडीखाली उभे राहून तंबाखू मळतात, आपापले बिल्ले बदलतात आणि पाठ फिरवून परत आपापल्या अंधारात निघून जातात.

मी लाल पेन्सिलीने समासात लिहिलं: 'फेब्रुवारीत पाऊस?' आणि त्याखाली: 'मावळे बिल्ले का बदलतात? आधार नाही.' दोन्ही आक्षेप बिनतोड होते. बाड परत गेलं, छापील चिठ्ठीसह. लेखकाच्या पत्रात 'मी रेल्वेत नोकरीस आहे' असं एक वाक्य होतं. मी त्यावरून पुढे गेलो.

२००३च्या जुलैत मुंबईहून येत होतो. रात्री ठाकूरवाडी आणि मंकी हिलच्या मध्ये गाडी थांबली. पुढे दगड आला होता. बाहेर नुसता पाऊस आणि काळोख. खिडकीतून पाहिलं तर रुळाच्या कडेने एक कंदील येत होता. माणसाच्या डोक्यावर घोंगडीची खोळ, खांद्याला पिशवी. तीत धोक्याच्या वेळी रुळावर ठेवायचे फटाके असतात. समोरून दुसरा कंदील आला. दोन्ही उजेड क्षणभर एकत्र झाले. हातातलं काहीतरी बदललं, आणि ते दोन बाजूंना निघून गेले. पावसाळ्यात घाटात गस्त घालणारे गँगमन. आपापल्या टापूच्या शेवटापर्यंत चालत गेल्याची खूण म्हणून ते ती वस्तू बदलतात. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. ती चौदा पानं म्हैस दारात असलेल्या माणसाने लिहिलेली होती, आणि मी त्याला तारीख चुकली म्हणून सांगितलं होतं.

शोध घेतला. प्रकाशन तोवर बंद पडलं होतं, कागद गेले होते. नाव आठवत नव्हतं.

गेल्या वर्षी नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेलो होतो. शेजारी ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ रेल्वेच्या पेन्शनचा फॉर्म भरत होते. चष्मा विसरले होते म्हणून मला म्हणाले, तेवढं तपासून द्या. आयुष्यभर सह्या पडताळण्यात गेलेला माणूस मी. 'लोणावळा' शब्दातल्या 'ळ'ची खाली ओढलेली शेपटी पाहिली आणि ओळखलं. निळी शाईसुद्धा तीच.

बाहेर चहा घेताना सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "ते प्रकरण मी काढून टाकलं साहेब. तुम्ही लिहिलं होतंत ते बरोबरच होतं. फेब्रुवारीत कुठला पाऊस?" मग दुसरीकडे पाठवलीत का, विचारलं. म्हणाले, "पाठवली ना. पावसाशिवाय. तीही परत आली." रेल्वेवरच का लिहिलं नाहीत, असं विचारल्यावर ते हसले. "दांडेकर आप्पांनी राजमाचीवर लिहिलं. तो किल्ला आहे. रुळावर काय लिहायचं? ती ड्युटी."

काढलेली पानं कुठे आहेत? ती पाठीमागून कोरी होती, धाकट्या मुलीने त्यांवर गणितं सोडवली. भांगरवाडीतल्या त्यांच्या घरी पत्र्याच्या पेटीत चौदांपैकी नऊ सापडली. एका बाजूला घाटातला पाऊस, दुसऱ्या बाजूला काळ-काम-वेगाची उदाहरणं. पहिल्याच पानाच्या समासात माझी लाल पेन्सिल. आता ते मंगळवारी आमच्याकडे येतात. बोलतात, मी लिहून घेतो, मग ते माझं खोडून पुन्हा लिहितात. चाळीस पानं झाली आहेत. त्यांत महाराज नाहीत, कारतलबखान नाही. उरलेली पाच पानं त्यांनी परत लिहिली, पण पहिल्यासारखी उतरली नाहीत, असं त्यांचंच म्हणणं आहे, आणि मलाही तसंच वाटतं.

शेजारच्या मुलाचं बाड मी तीन रात्रींत वाचलं. या खेपेला पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. नायक सॅन फ्रान्सिस्कोत राहतो, धुक्यात फिरतो, त्याचं मन लागत नाही. मुलगा तिथे एकदाच गेलाय, नऊ दिवस. हिंजवडीतून रात्री दोन वाजता अमेरिकेतल्या साहेबाशी बोलताना तो एकीकडे आईला पाण्याची मोटार बंद कर म्हणून खुणा करतो, हे मला त्याच्या आईने सांगितलं होतं. कादंबरीत ते नाही. गुरुवारी मी त्याला पत्र लिहिलं. तीन पानं झालं.

शनिवारी संध्याकाळी त्याची गाडी आली. दिवे लागले. तो काही फाटकाशी आला नाही. अजून आठ दिवस व्हायचे आहेत.