अंगणवाडीचे मूल्यमापन मुलाच्या भाषेत व्हावे

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेत पूरक आहार, लसीकरण व आरोग्य तपासणीबरोबर शालापूर्व शिक्षणही आहे. वजनकाट्याला भाषा नसते. शाळेची तयारी मात्र बोलण्यातूनच कळते. बेळगाव सीमाभागातील मराठी घरातल्या पाच वर्षांच्या मुलाला रंग, आकडे, अवयव कन्नडमध्ये विचारले आणि ते गप्प राहिले, तर त्याला काही येत नाही असे कसे म्हणावे? अशा मुलावर 'कच्चा' हा शिक्का बसला, की पहिलीत तो पुसणे आम्हा शिक्षकांना जड जाते. घटनेचे ३५० अ कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांसाठी प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्यास सांगते. त्याची पायाभरणी अंगणवाडीतच होते. म्हणून आमची मागणी साधी आहे : कन्नड जरूर शिकवा, पण मुलाची पारख आधी त्याच्या घरच्या भाषेत करा.